चिनी अंतराळवीराची कारकीर्द वहीत कशी मांडावी

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी नववीच्या मुलांकडून अंतराळवीरांचा एक मोठा तक्ता करून घेते. अमेरिकन आणि रशियन नावं मुलं पटापट गोळा करतात. चिनी अंतराळवीरांपाशी मात्र गाडी अडते. नावं एकसारखी वाटतात, तारखा दोन ठिकाणी दोन दिसतात, आणि शेवटी 'पहिला चिनी अंतराळवीर यांग लिवेई, २००३' एवढ्या एका ओळीवर काम संपतं. मला याचं वाईट वाटतं. या माणसांच्या आयुष्यात उड्डाण हा अगदी छोटा तुकडा असतो. खरी कारकीर्द निवड आणि उड्डाण यांच्यामधल्या वर्षांत घडते, आणि तीच वर्षं आपल्या तक्त्यांत कुठे दिसत नाहीत. ती दिसतील असा तक्ता कसा आखायचा, ते शिक्षकांसाठी आणि हौशी मुलांसाठी सविस्तर लिहिते.

हिशेबाची लांब वही घ्या आणि समोरासमोरची दोन पानं मिळून एक तक्ता धरा. रकाने असे: नाव, जन्मसाल आणि गाव, आधीचा पेशा, तुकडी आणि निवडीचं साल, राखीव म्हणून कोणत्या मोहिमेला, पहिलं उड्डाण, पुढची उड्डाणं, नंतरचं काम. निवडीचं साल आणि पहिलं उड्डाण यांच्या मध्ये एक अरुंद रकाना सोडा आणि त्याच्या डोक्यावर 'वाट' असं लिहा. त्यात फक्त वजाबाकी येते. ही वजाबाकी मुलांनी स्वतः करायची, तुम्ही आयती देऊ नका.

नावांचं आधी मिटवून टाका. चिनी नावात आडनाव पहिलं येतं. यांग लिवेई यांचं आडनाव यांग, पण लिऊ यांग यांचं आडनाव लिऊ. ही अवकाशात गेलेली पहिली चिनी महिला, तिचा यांग लिवेईंशी काही नातेसंबंध नाही. चेन आडनावाचे किमान तिघे तुमच्या वहीत येणार: चेन डोंग, चेन झोंगरुई आणि चेन छुआन. शेंझोऊ-१७ मध्ये तर तांग होंगबो आणि तांग शेंगजिए एकाच यानात होते. म्हणून नाव कायम पूर्ण लिहायचं आणि देवनागरीत एकदा जे रूप ठरवलं तेच शेवटपर्यंत ठेवायचं. वर्तमानपत्रं वेगवेगळी रूपं छापतात. त्यातलं कुठलं बरोबर यावर वर्गात तास घालवू नका.

आता तुकड्या. आजवर चार निवडी झाल्या: १९९८, २०१०, २०२० आणि २०२४. पहिल्या तुकडीत १४ जण, सगळे हवाई दलाचे लढाऊ वैमानिक. दुसरीत ७, त्यात दोन महिला वैमानिक. तिसरीत १८, आणि इथे पहिल्यांदाच वैमानिकांच्या जोडीला अभियंते आणि विद्यापीठांतले, संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ आले. चौथीत १०. प्रत्येक तुकडीला वेगळी शाई वापरा, पुढे वाचायला फार सोपं जातं. एक सूचना: तिसऱ्या तुकडीची निवड जाहीर झाली तेव्हा आकडा सांगितला होता, नावं नव्हती. ती एकेका मोहिमेबरोबर उघड होत गेली. उड्डाणाच्या आदल्या दिवशी जिउक्वान प्रक्षेपण केंद्रावर पत्रकार परिषद होते आणि तिथे तीन नावं सांगितली जातात. त्यामुळे या तुकडीच्या १८ ओळी आखून ठेवायच्या आणि नावं कळतील तशी भरायची.

पहिल्या तुकडीच्या मात्र १४ च्या १४ ओळी भरा. हे मी आग्रहाने सांगते, कारण बहुतेक जण उडालेले नऊच लिहितात. यांग लिवेई, फेई जुनलोंग, नी हायशेंग, झाई झिगांग, लिऊ बोमिंग, जिंग हायपेंग, लिऊ वांग, झांग शियाओगुआंग आणि देंग छिंगमिंग, हे ते नऊ. उरलेले पाच म्हणजे वू जिए, ली छिंगलोंग, चेन छुआन, झाओ चुआनदोंग आणि पान झानचुन. सुमारे दीड हजार वैमानिकांतून चाळणी लागून जी तुकडी उभी राहिली, तिच्यातले हे पाच २०१४ साली एकदाही न उडता निवृत्त झाले. वू जिए आणि ली छिंगलोंग १९९६ साली मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात शिकायला गेले होते. परत येऊन त्यांनी बाकीच्यांना शिकवलं आणि स्वतःही तुकडीत सामील झाले. चेन छुआन शेंझोऊ-७ च्या राखीव चमूत होते. यांच्या 'उड्डाण' रकान्यात आडवी रेघ येईल, पण 'राखीव' आणि 'नंतरचं काम' हे रकाने कोरे ठेवू नका. त्यांनी शिकवलेली माणसं पुढे वर गेली.

राखीव हा रकाना जपून भरायचा, कारण कोणाची पाळी येत चालली आहे हे तिथे आधी दिसतं. १५ ऑक्टोबर २००३ ला यांग लिवेई शेंझोऊ-५ मधून गेले तेव्हा झाई झिगांग आणि नी हायशेंग राखीव होते. दोन वर्षांनी शेंझोऊ-६ मधून फेई जुनलोंग आणि नी हायशेंग गेले. त्या मोहिमेच्या राखीव जोड्या होत्या लिऊ बोमिंग-जिंग हायपेंग आणि झाई झिगांग-वू जिए. आता २००८ च्या शेंझोऊ-७ ची नावं बघा: झाई झिगांग, लिऊ बोमिंग, जिंग हायपेंग. राखीवांतले चारपैकी तिघे पुढच्या यानात बसले, चौथे वू जिए राहिले ते कायमचे. मुलांना हे बाणांनी जोडायला सांगा. त्या चार नावांवरून बाण काढताना वर्गात जी शांतता होते ती मला दरवर्षी महत्त्वाची वाटते.

झाई झिगांग यांची ओळ भरताना थोडं थांबा. दोन मोहिमांना ते शेवटपर्यंत तयार होते आणि दोन्ही वेळा दुसरं कोणीतरी गेलं. तिसऱ्या वेळी त्यांच्यावर चीनच्या पहिल्या अवकाश-चालीची जबाबदारी आली. २७ सप्टेंबर २००८ ला बाहेर पडायचं दार सहजी उघडेना. त्यांनी जोर लावून ते उघडलं. ते बाहेर निघत असतानाच आत आगीचा इशारा वाजू लागला. खरी आग कुठे नव्हती, पण त्या क्षणी हे कोणालाच खात्रीने माहीत नव्हतं. लिऊ बोमिंग यांनी आतून राष्ट्रध्वज त्यांच्या हाती दिला, झाईंनी तो हलवला, ठरलेलं काम केलं आणि सुमारे वीस मिनिटांनी आत आले. पुढचं उड्डाण त्यांना मिळालं ते थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये, शेंझोऊ-१३ चे प्रमुख म्हणून, सहा महिन्यांसाठी. मधल्या १३ वर्षांसाठी मी 'पुढची उड्डाणं' या रकान्यात दोन तारखांच्या मध्ये लाल आकडा लिहून घेते. फेई जुनलोंग यांच्या ओळीत असाच आकडा १७ येतो, २००५ ते २०२२.

आता सगळ्यात मोठी वजाबाकी. देंग छिंगमिंग, जन्म १९६६, जिआंगशी प्रांतातला यीहुआंग तालुका, हवाई दलाचे वैमानिक. निवड जानेवारी १९९८. राखीव: शेंझोऊ-९, शेंझोऊ-१०, शेंझोऊ-११. पहिलं उड्डाण: शेंझोऊ-१५, २९ नोव्हेंबर २०२२. वाट: जवळजवळ २५ वर्षं. निवडीच्या वेळी तिशी ओलांडलेला माणूस छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वर गेला. २०१६ मध्ये शेंझोऊ-११ साठी दोन्ही चमू अखेरपर्यंत एकत्र तयारी करत होते. देंग यांचं नाव याही वेळी राखीवांतच राहिलं, तेव्हा वळून त्यांनी जिंग हायपेंग यांना मिठी मारली आणि अभिनंदन केलं. चीनमध्ये हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. जिंग आणि देंग एकाच तुकडीतले, एकाच वयाचे. जिंग त्या वेळी तिसऱ्यांदा निघाले होते. मला विचाराल तर संपूर्ण तक्त्यात ही एक ओळ पूर्ण भरली तरी चालेल, बाकीचं नंतर.

मुलं लगेच विचारतात, इतकी वर्षं हा माणूस करत काय होता? या प्रश्नासाठी 'वाट' रकान्याच्या आकड्याला एक छोटी चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर प्रशिक्षण लिहा. बेजिंगच्या वायव्येला अंतराळवीरांचं केंद्र आहे, तिथेच ही माणसं राहतात आणि शिकतात. आठ मीटर लांबीच्या फिरत्या हाताच्या टोकाला एक खोली असते. त्यात बसवून माणसाला इतक्या वेगाने फिरवतात की त्याला स्वतःचं वजन आठपट वाटतं, आणि हे ४० सेकंद सोसायचं असतं. गाल मागे ओढले जातात, डोळ्यांतून पाणी वाहतं, श्वास पोटाने घ्यावा लागतो. हाताशी एक लाल बटण असतं, दाबलं की यंत्र थांबतं. इतक्या वर्षांत ते कोणी दाबलेलं नाही, असं तिथली माणसं सांगतात. वर्गात प्रत्येकाने आपल्या वजनाला आठने गुणून पाहावं. पन्नास किलोच्या मुलाला चारशे किलोचं ओझं झाल्यासारखं वाटेल. गुरुत्वाचा धडा मला याहून चांगला शिकवता आलेला नाही.

शिवाय दहा मीटर खोल पाण्याची टाकी, तिच्यात जड पोशाख घालून तासन् तास अवकाश-चालीचा सराव. छोट्या बंद खोलीत एकट्याने ७२ तास, झोपेशिवाय. २०१८ च्या मे महिन्यात पंधरा अंतराळवीरांना बादेन जारान वाळवंटात नेऊन सोडलं होतं. यान चुकून भलत्या ठिकाणी उतरलं तर कसं जगायचं, हे तिथे शिकायचं होतं, आणि हवाई छत्रीच्या कापडातून आडोसा करायचा होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये यांताईजवळच्या समुद्रात असाच सराव झाला, त्यात युरोपचे दोन अंतराळवीर चिनी सहकाऱ्यांबरोबर होते: सामांथा क्रिस्तोफोरेत्ती आणि मथियास माउरर. ये गुआंगफू २०१६ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या गुहांत युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्रशिक्षणाला गेले होते. त्यांची निवड २०१० ची, उड्डाण २०२१ चं. म्हणजे त्यांच्या ११ वर्षांच्या चिठ्ठीवर गुहा, समुद्र आणि वाळवंट असं लिहिता येतं. प्रत्येकाच्या वाटेच्या रकान्यात असं काहीतरी सापडतं, शोधायला हवं.

वाट इतकी लांब का, याचं कारणही तक्त्यावर दिसायला हवं. नाहीतर मुलांना वाटतं की मागे राहिलेले कमी पडले. दुसऱ्या तुकडीचं उदाहरण घ्या. लिऊ यांग आणि झांग लू यांची निवड एकाच साली झाली, २०१०. लिऊ यांग २०१२ मध्ये गेल्या, झांग लू २०२२ मध्ये. एकाच वर्गातल्या दोघांत दहा वर्षांचं अंतर. तांग होंगबो यांना अकरा वर्षं लागली, छाई शुझे यांना बारा. आता वहीच्या वरच्या बाजूला एक काळरेषा काढा आणि नोव्हेंबर २०१६ ते जून २०२१ हा भाग पेन्सिलने काळा करा. या काळात एकही चिनी माणूस अवकाशात गेला नाही. तियानगोंग या चीनच्या नव्या अवकाश स्थानकाचा गाभा बावीस टनांच्या आसपास वजनाचा, तो उचलायला लाँग मार्च-५ जातीचं अवजड रॉकेट हवं. त्या रॉकेटचं दुसरंच उड्डाण जुलै २०१७ मध्ये फसलं, आणि ते पुन्हा नीट उडेपर्यंत डिसेंबर २०१९ उजाडला. तियानहे हा गाभा अखेर २९ एप्रिल २०२१ ला वर गेला आणि दीड महिन्यात शेंझोऊ-१२ निघालं. एका रॉकेटच्या बिघाडाने कितीजणांच्या उमेदीची वर्षं पुढे ढकलली, ते त्या काळ्या पट्ट्याखालच्या ओळी वाचून कळतं. एसटी बंद पडली की थांब्यावरचे सगळेच खोळंबतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

त्यानंतर चित्र पालटलं. आता साधारण दर सहा महिन्यांनी एक चमू जातो आणि वाटेचे आकडे झपाट्याने लहान होतात. तिसऱ्या तुकडीतले ग्वी हायचाओ २०२० मध्ये निवडले गेले आणि ३० मे २०२३ ला शेंझोऊ-१६ मधून उडाले. ते युन्नान प्रांतातल्या शिदियानचे, बेजिंगच्या बेइहांग विद्यापीठातले प्राध्यापक. लष्करी गणवेश नसलेले पहिले चिनी अंतराळवीर, आणि चष्मा लावणारेही पहिलेच. यांग लिवेई उडाल्याची बातमी त्यांनी २००३ मध्ये शाळेत असताना ध्वनिक्षेपकावर ऐकली होती. चष्म्याची गोष्ट सांगितली की माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकतात. शेंझोऊ-१६ च्या तिघांची ओळ मी मुद्दाम एका चौकटीत घेते: प्रमुख जिंग हायपेंग १९९८ च्या निवडीचे, चौथ्यांदा निघालेले, अभियंता झू यांगझू आणि प्राध्यापक ग्वी २०२० चे. तीन माणसांत वैमानिक, अभियंता, शास्त्रज्ञ हे तिन्ही प्रकार आले.

'आधीचा पेशा' रकाना घाईत 'वैमानिक' एवढ्यावर उरकू नका. वांग यापिंग मालवाहू विमानं उडवत होत्या आणि २००८ च्या सिचुआन भूकंपात मदतकार्याच्या फेऱ्यांवर होत्या. लिऊ यांग यांच्या विमानावर एकदा उड्डाणाच्या वेळी कबुतरांचा थवा आदळला, तरी त्यांनी ते सुखरूप उतरवलं. वांग हाओझे, १९९० चा जन्म, आधी रॉकेटच्या इंजिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या अभियंता. या एका रकान्यातून चीनला कोणत्या काळी कोणती माणसं हवी होती ते वाचता येतं. पहिल्या तुकडीच्या वेळी उंची १६० ते १७२ सेंटिमीटर, वजन ५५ ते ७० किलो अशी अट होती. यान लहान होतं आणि आसन त्या मापाचं होतं.

तारखांचा गोंधळ असा सोडवायचा. चिनी बातम्या बेजिंगच्या वेळेने तारीख देतात, ती आपल्याहून अडीच तास पुढे. शेंझोऊ-१३ निघालं ते बेजिंगच्या घड्याळात १६ ऑक्टोबर २०२१ च्या मध्यरात्री १२ वाजून २३ मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची रात्र होती, १० वाजायला ७ मिनिटं कमी. दोन्ही तारखा खऱ्या. तक्त्यात एकच पद्धत ठेवा, मी बेजिंगची ठेवते आणि वर तसं लिहून टाकते.

उड्डाणानंतरचं काम हा रकाना लोक साफ विसरतात. यांग लिवेई २१ तास २३ मिनिटांत पृथ्वीभोवती १४ फेऱ्या मारून परतले आणि पुन्हा कधीच गेले नाहीत. त्या उड्डाणाच्या सुरुवातीला रॉकेट २६ सेकंद अशा संथ कंपनाने हादरलं की आता आपण वाचत नाही असं त्यांना वाटलं. परतल्यावर त्यांनी ते बारकाईने सांगितलं, अभियंत्यांनी कारण शोधलं आणि रॉकेटमध्ये बदल केले. माझ्या मते त्यांच्या ओळीतलं हे सर्वांत मोठं काम, कारण नंतरचा प्रत्येक माणूस त्या सुधारलेल्या रॉकेटवर बसला. पुढे ते मानवी उड्डाण कार्यक्रमाच्या वरिष्ठ पदांवर गेले. वांग यापिंग यांच्या रकान्यात जून २०१३ चा अवकाशातून घेतलेला तास येतो, जो चीनमधल्या सहा कोटींहून अधिक मुलांनी पाहिला. पाण्याच्या पडद्याचा त्यांचा प्रयोग आपल्या मुलांना नक्की दाखवा.

चेन डोंग यांची ओळ अलीकडची म्हणून शेवटी भरून घ्या. निवड २०१०, उड्डाणं २०१६, २०२२ आणि २०२५. अवकाशात एकूण ४०० हून अधिक दिवस राहिलेले ते पहिले चिनी. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना शेंझोऊ-२० मधून परतायचं होतं, पण परतीच्या कुपीच्या खिडकीला तडा गेलेला आढळला, बहुधा अवकाशातल्या बारीक कचऱ्याचा आघात. तिघे जण थांबले आणि १४ नोव्हेंबरला नव्या चमूच्या शेंझोऊ-२१ मधून उतरले. वर राहिलेल्यांसाठी २५ नोव्हेंबरला शेंझोऊ-२२ माणसांविना पाठवावं लागलं. इथे मुलांना एक अडचण येते: गेलं एक यान, आलं दुसरं. तक्त्यात जाण्याचं यान आणि येण्याचं यान वेगळं लिहायला जागा ठेवा.

तक्ता करताना एकदा संध्याकाळी मुलांना मैदानावर न्या. तियानगोंग स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी साधारण ४१.५ अंश कललेली असल्याने ते महाराष्ट्रावरून जातं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, आकाश निरभ्र असेल तर न लुकलुकता सरकणारा ठळक ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो. वेळ मोबाईलवरच्या कुठल्याही उपग्रह-दर्शक ॲपमध्ये मिळते. त्या दिवशी आत कोण आहे ती तीन नावं वहीतून मोठ्याने वाचून घ्या.

२०२४ च्या तुकडीसाठी दहा ओळी मोकळ्या सोडा. त्यात एक जण हाँगकाँगचा, एक मकाऊचा असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाकिस्तानशी करार झाला आहे, त्यानुसार तिथले दोघे चीनमध्ये प्रशिक्षण घेणार आणि त्यातला एक स्थानकावर जाणार. त्यांच्यासाठी तळाला 'पाहुणे' असा वेगळा भाग करा. आणि उजव्या कडेला एक रकाना चंद्राचा आखून ठेवा. २०३० च्या आत माणूस चंद्रावर उतरवायचं चीनने जाहीर केलं आहे, तो रकाना भरणारी नावं बहुधा याच वहीत आधी कुठेतरी लिहिलेली असतील. तोवर पेन्सिल वापरा.